आमच्या बंपरचे उपकार

मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. मला स्वतःलाही दोनदा सांगून झाल्यावर तिसऱ्या खेपेला कुठे ते खरं वाटू लागलं. आमच्या गाडीचा मागचा बंपर गाडीला घरी ठेवून एकटा गावभर हिंडून आला, बसमधून उभ्याने प्रवास करून आला, भर रस्त्यात बेकायदा उभं राहिल्याची नोटीस खाऊन आला, आणि शेजाऱ्याच्या गुडघ्याचा ठसा अंगावर घेऊन पुन्हा आपल्या जागी नोकरीवर रुजू झाला. एवढा चिवटपणा मी माणसांत पाहिलेला नाही. आणि मी पस्तीस वर्षं पाणीपुरवठा कचेरीत काढली आहेत, म्हणजे चिवट माणसं मला काही नवीन नाहीत.

गोष्ट सांगायची वेळ आली ती एका फळ्यामुळे.

आमची लेक एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कुणाचं बोट यंत्रात अडकलं, कुणी शिडीवरून घसरलं, की ही कागद घेऊन हजर. त्यांच्या फाटकावर एक मोठा फळा असतो, 'अपघाताविना झालेले दिवस', आणि पुढे खडूने आकडा. तसाच एक छोटा फळा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला आहे. चार महिन्यांपूर्वी हिने, म्हणजे माझ्या बायकोने, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना काढला, त्याच संध्याकाळी लेकीने हा फळा आणला. खाली दोन खिळे ठोकले. एकावर माझी किल्ली, एकावर हिची. आणि नियम जाहीर केला: एकशे ऐंशी दिवस बिनठोकर गेले पाहिजेत. मध्ये ज्याच्या हातून ठोकर होईल, त्याची किल्ली जमा.

"दयामाया नाही," ती म्हणाली होती. "आमच्याकडे मॅनेजरलाही नाही."

माझ्या किल्लीचं मला फारसं काही नव्हतं. पुढल्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन आहे, तेव्हा ती खिळ्यावर लटकली काय आणि लेकीच्या पर्समध्ये गेली काय. पण हिच्या किल्लीवर हिचा गुरुवार टांगलेला होता. हिची थोरली बहीण गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. गेलं वर्षभर अंथरुणाला खिळलेली आहे. दर गुरुवारी ही तिच्याकडे जाते, तिचे केस विंचरते, नखं काढते, तिला चार कागाळ्या सांगते, दहा ऐकते आणि परत येते. बसने गेलं तर दोन बस, एक पूल आणि अर्धा दिवस. गाडीने पंचवीस मिनिटं. परवाना तिने त्यासाठीच काढला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या चार खुर्च्या मांडून त्यांच्यामधून नुसतं चालत मागे जायचा सराव केला होता, हे मी स्वतः पाहिलं आहे. ही थाप नाही.

पण ते असो. ठोकर माझ्या हातून झाली, तेव्हा हिच्या किल्लीचा प्रश्नच येत नाही.

लेक सोळा दिवस दुसऱ्या शहरातल्या कारखान्याच्या तपासणीला गेली होती. परवा रविवारी सकाळी बॅग घेऊन थेट आमच्याकडेच आली आणि चहाच्या आधी फळ्यावर बोट ठेवून उभी राहिली.

"एकशे बारा? मी गेले त्या दिवशी एकशे अकरा होते. सोळा दिवसांत एकच दिवस झाला?"

चूक माझी नव्हती. ही त्या दिवसापासून फळ्याला हात लावायला तयार नव्हती. मी दोनदा खडू हातात दिला, दोनदा तिने तो परत डबीत ठेवला. प्रामाणिक माणसाबरोबर बेचाळीस वर्षं संसार करणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

लेकीने दोन्ही किल्ल्या खिळ्यांवरून काढल्या आणि टेबलाच्या मधोमध ठेवल्या. बॅगेतून कारखान्याचा छापील कागद काढला. वर लिहिलं होतं, 'घटना अहवाल'. पेनाचं टोपण उघडलं.

"सांगा बाबा. गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

तिचा प्रश्न अजून पुरता संपलाही नव्हता. ही समोर वाटाणे सोलत बसली होती. ती म्हणाली, "अहो, मी सांगू का?"

"तू वाटाणे सोल," मी म्हटलं. "अपघाताचं मला बोलू दे."

आणि मी सुरुवात केली.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आमची जागा म्हणजे एका बाजूला पाण्याच्या पंपाची खोली आणि दुसऱ्या बाजूला सात नंबरचा खांब. हा खांब ज्याने आखला त्याने आयुष्यात सायकलसुद्धा उभी केली नसावी. कमरेपर्यंत त्याला पिवळे-काळे पट्टे मारले आहेत. लोकांना दुरून दिसावा म्हणून. म्हणजे खांब चुकीच्या जागी आहे हे बांधणाऱ्यालाही ठाऊक होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

त्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही बाहेरून परत आलो. कुठून, ते गोष्टीला महत्त्वाचं नाही. गाडी सावकाश, सरळ, अगदी नवरदेवासारखी मागे येत होती. आणि मग 'धप्प' असा एक आवाज झाला. 'धाड' नव्हे, 'खळ्ळ' नव्हे. उशीवर कलिंगड ठेवावं तसा.

पाहिलं तर बंपरला डावीकडे खळी पडली होती. गालाला पडते तशी, आणि खरं सांगायचं तर शोभत होती. वर खांबाच्या पिवळ्या रंगाचा एक पट्टा. बाकी गाडीला ओरखडाही नाही. दिवे शाबूत, डिकी शाबूत. त्या क्षणी माझ्या मनात पहिली भावना आली ती कृतज्ञतेची. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी असा निमूटपणे धक्का सोसणारं दुसरं कुणी—

"कोणत्या बाजूला खळी?" लेकीने विचारलं.

"डावीकडे."

तिने लिहिलं. कृतज्ञतेसाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

इथेच थांबलो असतो तर प्रकरण इथेच संपलं असतं. पण आपल्याकडे गाडीला खळी पडणं ही खासगी गोष्ट नाही. पाच मिनिटांत खाली सात माणसं जमली. सर्वांत पुढे कर्नल. हे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. सैन्यात कधी नव्हते. कापडगिरणीच्या गोदामावर हिशेबनीस होते. पण मिशा आणि आवाज यांच्या जोरावर त्यांना हा हुद्दा इमारतीने बहाल केला आहे.

"गरम पाणी," कर्नल म्हणाले. "उकळतं ओता, प्लास्टिक मऊ होतं, आतून ढकला, टुणकन बाहेर. माझ्या मेव्हण्याने केलंय."

मी किटली आणली. ओतलं. प्लास्टिक खरंच मऊ झालं. कर्नल खाली उताणे झोपले, आतून ढकलू लागले, आणि तोल सांभाळायला त्यांनी बंपरच्या उजव्या बाजूला गुडघा टेकला. डावी खळी टुणकन बाहेर आली. उजवीकडे कर्नलचा गुडघा आत गेला, आणि त्यांनी तो काढून घेईपर्यंत प्लास्टिक गार झालं. आता आमच्या बंपरवर त्यांच्या गुडघ्याचा असा हुबेहूब ठसा आहे की उद्या कर्नल हरवले तर पोलिसांना फोटो द्यायची गरज नाही.

"मेव्हण्याचं काय झालं होतं?" मी विचारलं.

"त्याने नवीन बंपर घेतला," कर्नल कपडे झटकत म्हणाले.

मग पुढे झाल्या तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई. तीस वर्षं त्यांनी शाळेतली बाकं स्वच्छ ठेवून घेतली आहेत. पिवळ्या रंगावर त्यांनी टूथपेस्ट सुचवली. मी ट्यूब आणली आणि घासलं. पट्टा अर्धा निघाला. उरलेला अर्धा चांगला पांढराशुभ्र झाला आणि गाडी नुकतीच दात घासून आल्यासारखी दरवळू लागली. मला वाटलं निघाला सगळा, कारण डोळ्यांतल्या थेंबांचा अंमल अजून पुरता उतरला नव्हता—

लेकीने मान वर केली. "कसले थेंब?"

"थेंब म्हणजे... घामाचे. डोळ्यांत घाम गेला होता."

"नोव्हेंबरात?"

"घासकाम होतं," मी म्हटलं. ही वाटाण्यांच्या टोपलीत इतकी वाकली की आत पडते की काय असं मला वाटलं.

आता राहिली होती एक बारीक खोक, डाव्या कोपऱ्याला. तेवढ्यासाठी कर्नलनी आपल्या घरून मोरी तुंबली की वापरतात तो लाकडी दांड्याचा रबरी पंप आणला. खोकीवर दाबून बसवला. "आता ओढा." मी ओढला. हलेना. मास्तरीणबाईंनी माझ्या कमरेला धरलं. हलेना. वॉचमनने मास्तरीणबाईंच्या पिशवीला धरलं, कारण कमरेला धरणं त्याला प्रशस्त वाटेना. कर्नलनी वॉचमनला धरून "एक, दो, तीन!" अशी आरोळी ठोकली, आणि आम्ही चौघे पंपाच्या खोलीच्या भिंतीला जाऊन टेकलो. पंप माझ्या हातात होता. पंपाला बंपर होता. बंपरला गाडी नव्हती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी कुणाला बोल लावणार नाही. सात माणसं स्वतःची कामं सोडून दुसऱ्याच्या बंपरसाठी जमिनीवर लोळतात, हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

बंपर लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने तीन मजले वर नेला. प्रत्येक वळणावर त्याने भिंतीला एकेक चुंबन दिलं. त्या चुंबनांचा पुढे चिटणीसांच्या नोटिशीत स्वतंत्र उल्लेख आला. दिवाणखान्यात तो सोफ्याला टेकवून ठेवला. रबरी पंप अजून लागलेलाच होता, त्यामुळे तो हात वर करून काहीतरी विचारतोय असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याशी बोलू लागलो. चौथ्या दिवशी हिने पंपाच्या दांड्याला माझा टॉवेल वाळत घातला. घरातला झाला म्हणायचा.

इमारतीच्या चिटणीसांची नोटीस दुसऱ्याच दिवशी दारात आली होती. 'खांब क्रमांक सात यांस झालेल्या इजेबाबत.' बंपरची चौकशी नाही, माझी तर नाहीच. खांब यांस इजा! संध्याकाळी खाली पाहणी झाली. चिटणीसांनी खांबाला हात लावला, कान लावला, शेवटी टकटक केली. मग वॉचमनचा जबाब.

"काय पाहिलंस?"

"पाहिलं नाही साहेब, मी पाण्याची टाकी बघत होतो. ऐकलं. काका मोठ्याने ओरडत होते, 'येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, पुष्कळ जागा आहे.' मग धप्प."

चिटणीसांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गाडीत होता ना? मग 'येऊ दे' कुणाला म्हणत होतात?"

"स्वतःला," मी म्हटलं. "गाडी मागे घेणाऱ्या माणसाला धीर लागतो. बाहेर कुणी द्यायला नसलं की मी स्वतःच देतो."

चिटणीसांनी ते लिहून घेतलं. चांगला माणूस. खांबाची दुरुस्ती इमारतीच्या खर्चाने करू म्हणाले. शिवाय मला दिलेली नोटीस परत मागितली, कारण त्यांच्याकडे कोरा कागद एकही उरला नव्हता आणि मागची बाजू त्यांना हवी होती.

"'येऊ दे,'" लेक पुटपुटली आणि तेही तिने कागदावर लिहिलं.

मग विमा. विमा कंपनीला मी फोन केला तो सोमवारी, आणि माणसाचा आवाज ऐकला तो बुधवारी. मधल्या काळात एक बाई मला सारखी सांगत होती की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. एवढं महत्त्व मला कचेरीत पस्तीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं, म्हणून मीही फोन ठेवला नाही.

शुक्रवारी सर्व्हेअर आला. वय लहान, टाय मोठा. तो आधी दिवाणखान्यात बंपर पाहायला आला, मग पार्किंगमध्ये उरलेली गाडी पाहायला गेला. "काका, अपघाताच्या वेळी बसला होता तसे बसून दाखवा."

मी दार उघडलं. बसलो. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. सीट इतकी पुढे होती की गुडघे स्टिअरिंगला आणि हनुवटी गुडघ्यांना. माझ्या उंचीचा माणूस त्या जागेत मावण्यासाठी घडी घालूनच ठेवावा लागेल.

"सीट एवढी पुढे कशी?"

"धक्क्याने."

"धक्का मागून बसला ना? मग माणूस मागे जातो, काका."

"आमची गाडी जुन्या वळणाची आहे," मी म्हटलं.

त्याने काही लिहिलं नाही. बरा मुलगा होता. खिशातून फॉर्म काढला. खाली छापलेलं होतं: 'अपघाताच्या वेळी वाहन मी स्वतः चालवत होतो. वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे.' त्याखाली एक रेघ. त्याने बोट ठेवलं. "इथे सही."

आता तुम्हाला एक कबुली देतो. मी जन्मभर थापा मारल्या आहेत. पाहुण्यांना मारल्या, साहेबांना मारल्या, लग्नाआधी हिच्या वडिलांना तर इतक्या मारल्या की त्यांतल्या दोन पुढे मला खऱ्या करून दाखवाव्या लागल्या. पण सही करून एकही नाही. थाप ही तोंडी कला आहे. ती हवेत सोडायची असते, कागदावर चिकटवली की तिचा गुन्हा होतो. मी पेन त्याला परत दिलं.

"विमा नको. दावा मागे घेतो."

आयुष्यात मी मागे घेतलेली आणि कशालाही न आपटलेली ही पहिलीच गोष्ट.

"अहो," ही म्हणाली, "हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत."

"तू गुरुवारची दमलेली होतीस."

आणि ते खरं होतं. आदल्या दिवशी ती बहिणीकडे बसने जाऊन आली होती. सकाळी नऊला निघाली, दिवेलागणीला परतली. पुलावर बस बंद पडली, अर्धा पूल ती चालली. घरात आल्यावर चपला काढायला खाली बसली ती उठेचना. पाय टम्म सुजलेले. मी किटलीत पाणी गरम केलं, बादलीत ओतलं, तिचे पाय त्यात सोडले. तीच किटली. सोफ्यावरून बंपर आमच्याकडे पाहत होता, आणि त्या माणसाकडे, म्हणजे त्या बंपरकडे, माझ्याच्याने मान वर करून बघवेना.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं होतं, हा बंपर पुढच्या गुरुवारच्या आत गाडीला लागलाच पाहिजे.

अडचण अशी की गाडी गॅरेजला न्यायची तर मागची नंबर प्लेट बंपरवर. बिनबंपरची गाडी म्हणजे बिननंबरची गाडी. बंपर गाडीत घालून न्यावा तर तो गाडीपेक्षा रुंद. राहिली बस.

शनिवारी सकाळी मी बंपर खांद्यावर घेऊन बसमध्ये चढलो. कंडक्टरने त्याला खालून वर पाहिलं. "हा उभा राहणार की बसणार?"

"उभा."

"मग मधे धरा. ज्येष्ठ नागरिकांच्या जागेवर रेलू देऊ नका."

पुढच्या दोन थांब्यांत मला त्याला धरायची गरजच उरली नाही. गर्दी चढली आणि पाच-सहा जणांनी आधाराला तो बंपरच धरला. एका गृहस्थांनी रबरी पंपाच्या दांड्याला हात अडकवून छान डुलकी काढली, उतरताना मला म्हणाले, "अशी सोय सगळ्या बसमध्ये पाहिजे." नंबर प्लेट मागच्या काचेतून बाहेर दिसत होती. चौकातल्या वाहतूक पोलिसाने बसचे दोन नंबर पाहून शिट्टी तोंडात धरली. पण कोणत्या नंबरासाठी वाजवावी ते न ठरल्यामुळे तशीच खाली ठेवली.

गॅरेज बंद होतं, अकराला उघडणार होतं. मी बंपर भिंतीला टेकवला आणि समोर चहा प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तो काचेवर चिकटवतात तो कागद बंपरवर: 'हे वाहन नो पार्किंगमध्ये आढळले.' वाहनाच्या जागी आमचा नंबर. रंगाच्या जागी 'पांढरा, अंशतः पिवळा'. प्रकाराच्या जागी लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"थापा!" लेक म्हणाली, पण हसू दाबत.

"तो कागद आहे माझ्याकडे. दाखवू?"

"नंतर. पुढे."

मग मिस्त्री आला. डेंटिंग-पेंटिंगचा जुना माणूस. तळव्याला रंग इतका मुरलेला की हातावरच्या रेषा निळ्या दिसायच्या. त्याने आधी नुसता हात फिरवला, पंपाच्या कडेखाली बोट घालून हवा सोडली, आणि चौघांना न जमलेला पंप 'फुस्स' करून दोन बोटांनी काढला. मग खोक चाचपली, वैद्य नाडी बघतो तशी.

"काका, ही ठोकर माणूस चालतो त्या वेगाची आहे. आणि चालवणाऱ्याचा हात चांगला आहे हो. गाडी सरळ आलीय, बोटभर वाकडी नाही. चालवणाऱ्याचं चुकलेलं नाही. मागे उभं राहून जो कुणी सांगत होता, त्याचं चुकलंय."

मी मान खाली घातली. नम्रतेने. कौतुक मला सोसत नाही.

"नवीन घेऊ का?" मी विचारलं.

"कशाला? बंपर असतोच यासाठी. त्याने मार खायचा, म्हणजे आतल्याला लागत नाही. अजून दहा वर्षं मार खाईल हा."

त्याने प्लास्टिकची कांडी वितळवून खोक सांधली, मोडलेल्या क्लिपा बदलल्या, रंग मारला. गुडघ्याचा ठसा काढू का म्हणाला. मी म्हटलं राहू दे, शेजाऱ्यांची आठवण आहे.

मंगळवारी बंपर चढवायला तो स्वतः आमच्या पार्किंगमध्ये आला. त्या वेळी खाली कोण कोण होतं सांगू? डावी बाजू कर्नलनी उचलून धरली, उजवी मास्तरीणबाईंनी. वॉचमनने खांबाला जुनी गादी बांधली. चिटणीसांनी शेवटची क्लिप स्वतःच्या हाताने दाबली आणि टाळी वाजवली. अशा शेजाऱ्यांचे उपकार फेडायला मला सात जन्म लागतील, आणि सातही जन्मी गाडी मागे घेताना हीच माणसं खाली जमोत, एवढंच मागणं.

"तर," मी लेकीला म्हटलं, "झालं ते असं. ठोकर माझी. नियम तो नियम. माझी किल्ली घे, हिची खिळ्यावर लाव, आणि मला चहा दे."

वाटाणे केव्हाच संपले होते. ही आता रिकाम्या शेंगा पुन्हा सोलत होती.

लेकीने कागद माझ्याकडे फिरवला. दोन्ही बाजू भरल्या होत्या. तिने शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"सही करा बाबा."

मी पेन धरलं. निब तपासली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शाई जरा फिकी वाटते," मी म्हटलं.

"दुसरं देते."

"घरच्या घरात सही कसली? आपण काय परके आहोत?"

ही टोपली बाजूला सारून म्हणाली, "बाई गं, मी केव्हापासून सांगायचा प्रयत्न—"

"तू थांब आई," लेक म्हणाली. मग माझ्याकडे वळली. रोज वीस कामगारांच्या थापा ऐकणारी माझी लेक, तिने तो कागद माझ्या हातून काढून घेतला आणि शांतपणे चार घड्या घातल्या.

"बाबा, गाडी आई चालवत होती. डोळे तपासून घरी येत होतात तुम्ही दोघं, तुमच्या डोळ्यांत औषधाचे थेंब, समोरचा खांब दिसेना. तरी खाली उतरून मागे उभे राहिलात आणि ओरडत राहिलात, 'येऊ दे, येऊ दे, पुष्कळ जागा आहे.'"

हिने पदर डोळ्यांना लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

लेकीने एक किल्ली उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. माझी. दुसरी हिच्या ओल्या, हिरव्या हातात ठेवली.

"गुरुवारी मावशीकडे जाताना यांनाही ने. पण गाडी मागे घेताना आतच बसवून ठेव, आणि खाली उतरू देऊ नकोस."